तुझ्या कडव्यात माझा आवाज

प्रिय सेलिनामावशी,

हे पत्र मी सहा महिने टाळलं. तीनदा सुरुवात केली होती. एकदा पेन सापडेना. एकदा सापडलं, तर ते उघडून आतल्या स्प्रिंगशी खेळत बसलो. तिसऱ्यांदा ‘प्रिय’ एवढं लिहून खाली चहाला गेलो आणि तिकडेच कॅरमला बसलो. आज गुरुवार, सकाळची ड्युटी संपलीय आणि उद्या दोह्यातल्या चर्चमध्ये तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा आहे. उद्या मी तिथे जे करणार आहे ते तुला आधी माझ्याकडून कळलेलं बरं. म्हणून आज.

गायकवृंद सांभाळणाऱ्या आग्नेल अंकलनी मला येऊ नकोस म्हणून सांगितलंय. मी जाणार आहे.

भांडण आधी सांगू की गिटार? गिटारच सांगतो, कारण ती तू कधी समजूनच घेतली नाहीस. माझ्या गिटारला तारांखाली एक पट्टी बसवलीय. कुठली तार, कुठला स्वर, किती जोरात, एवढंच ती लॅपटॉपला कळवते. आवाज निघतो लॅपटॉपमधून. त्यात पियानो निवडला की पियानो, बासरी निवडली की बासरी. तू एकदाच पाहिलंस आणि म्हणालीस, ‘पोपट पाळलास.’ का गं? तुझं व्हायोलिन चर्चच्या हॉलमधल्या घसा बसलेल्या स्पीकरमधून यायचं, ते खरं आणि माझं खोटं? एकदा पाच मिनिटं बसून ऐकायला काय हरकत होती? हॉस्पिटलात नर्स असताना अख्ख्या वॉर्डाचं रडगाणं ऐकायचीस की!

असो. तुझ्यावर चिडायला बसलो तर मिस्सा होऊन जाईल.

मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद दिल्यावर जे गीत होतं, त्याचं तिसरं कडवं कुणी गात नाही, ते तुझं. गायकवृंद गप्प, कीबोर्ड गप्प, नुसतं व्हायोलिन. तू गेल्यापासून त्या कडव्याला सगळे वह्यांची पानं उलटत उभे असतात. अंकलनी मला बोलावलं ते यासाठी. तुला वाटलं असेल त्यांना माझं वाजवणं आवडलं. नाही. माझ्याकडे व्हायोलिनचा आवाज निघतो एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

मी लॅपटॉपवर व्हायोलिनचा आवाज निवडायला बसलो. फुकटातलं पहिलं व्हायोलिन डबा आपटल्यासारखं वाजलं. दुसऱ्यात मी तार जराशी खेचली की आवाज पार वरच्या सप्तकात जाऊन मांजरासारखा ओरडायचा. गिटारमध्ये खेच कितीची आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीची, दोन्हीकडे एकच आकडा लावावा लागतो, हे कळायला मला आठवडा लागला. मग कुणीतरी एक भारी व्हायोलिन दिलं, एकेक स्वर चार-चार ताकदींनी रेकॉर्ड केलेला. ते उघडायलाच लॅपटॉपला इतका वेळ लागायचा की तोवर माझी आंघोळ व्हायची. पण काय आवाज, मावशी! खोलीतला गणेश, परभणीचा, क्रेन चालवतो, तो भात ढवळायचा थांबला.

प्रॅक्टिसला तेच लावलं. तुझं कडवं आलं. दोन ओळी लोण्यासारख्या गेल्या. तिसरीला सवयीने माझा अंगठा खर्जाच्या जाड तारेवर पडला आणि व्हायोलिन एकदम टक टक टक वाजायला लागलं, कुणी बोटाने तार उडवावी तसं. मी वाजवतोय आणि ते टकटकतंय. बायका वह्यांत तोंड घालून हसल्या. अंकल म्हणाले, सेलिनाला उचक्या लागल्या.

खोलीवर येऊन शोधलं. व्हायोलिन खाली जिथे संपतं, त्याच्या खालचे स्वर त्या सॉफ्टवेअरमध्ये मोकळे असतात. तिथे त्यांनी बटणं ठेवलीत. हा स्वर दाबला की गजाने वाजणार, तो दाबला की बोटाने. कीबोर्डवाला तिकडे चुकूनही जात नाही. गिटार मात्र व्हायोलिनपेक्षा खाली उतरते. माझा अंगठा पडला तो बरोबर त्या बटणावर. जाड तारच बंद केली, खलास.

पण अंकलना आता ते व्हायोलिनही नको होतं. म्हणाले, कुणा परक्याचं कशाला, तुझ्याकडे सेलिनाचीच रेकॉर्डिंग असतील.

होती. दर वाढदिवसाला तू व्हॉट्सॲपवर वाजवून पाठवायचीस आणि मी अर्ध्यात बंद करून नुसता अंगठा पाठवायचो. त्याची लाज वाटते. ती सगळी काढली. सॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात आपल्याजवळचे स्वर कापून एकेका जागी ठेवायचे, मग गिटारवर तो स्वर वाजवला की तोच तुकडा वाजतो. तुझे अकरा स्वर स्वच्छ निघाले. उरलेले शेजारच्या स्वरांना ताणून भरले. एका स्वरामागे तुझ्या कुकरची शिट्टी आहे, ती काही केल्या निघेना. तो स्वर आला की वरण शिजतं.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी पाच मिनिटं खिडकीशी उभा राहिलो. खाली बसमध्ये माणसं चढत होती. बसचे नंबर वाचत राहिलो.

मग गणेश म्हणाला, ही बाई आमच्या वरातीतलं वाजवंल का? मी गंमत म्हणून वाजवलं. वाजलं. आपल्या मोनिकाच्या लग्नात डीजेने तसलंच गाणं सांगितलं तेव्हा तू व्हायोलिन पेटीत घालून जेवण सोडून घरी गेली होतीस, आठवतं? आता हूं नाही की चूं नाही. मी वेडंवाकडं वाजवलं, तू वाजवलंस. मुद्दाम बेसूर गेलो, तू माझ्यामागून बेसूर आलीस.

गणेश म्हणाला, ‘बाई लई गरीब स्वभावाच्या दिसत्यात.’

तू! गरीब स्वभावाची!

मी लॅपटॉप बंद केला. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल, तर त्याचा. मावशी, आयुष्यभर तू माझं एक ऐकलं नाहीस. नोकरी सोडू नको म्हणालीस, मी चार सोडल्या, आणि प्रत्येक वेळी तू अर्धा तास फोनवर माझी सालं काढलीस. ती बाई मला हवी होती. ही माझ्या बोटाबरोबर नाचणारी नको.

तसं अंकलना कळवलं. व्हायोलिन वाजवणार नाही, परक्याचं नाही आणि तिचंही नाही. मी माझा आवाज लावीन. त्यांनी फोनच केला. ‘सेलिनाच्या मिस्सेला सेलिनाचा आवाज नको म्हणणारा तू कोण?’

मी म्हटलं, ‘ती असती तर माझ्याशी भांडली असती, अंकल. हा डबा भांडत नाही.’

ते म्हणाले, ‘मग येऊ नकोस,’ आणि फोन ठेवला.

माझा आवाज कुठला, विचार ना. रेकॉर्ड केलेला नाहीच तो. सॉफ्टवेअर तो तिथल्या तिथे हिशोबाने बनवतं, म्हणून हलकासा उशीर सोडला तर माझं बोट करतं ते सगळं त्यात येतं, थरथरसुद्धा. बासरी नाही, पेटी नाही, कुणाची नक्कल नाही. गणेशच्या मते ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखा. तुला मुळीच आवडणार नाही. नको आवडू दे.

तुझ्या मातीला मी आलो नाही. कंपनी बदलत होतो, कागद मधेच अडकले होते, हे सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही आहे. पण कागद सुटल्यावरही वसईला आलो नाही, हे फक्त तुला सांगतो. आणि आजारी आहेस म्हणून इथून वसईला परततेयस, हे माझ्यापासून का लपवलंस? मी पळून जाईन म्हणून? गेलोही असतो. तरी सांगायचं होतंस.

तर ऐक. उद्या मी येणार. तिसरं कडवं आलं की कुणी वाजव म्हणो न म्हणो, मी वाजवणार, माझ्या आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत, मधे उठून न जाता. तुझ्या त्या अकरा स्वरांवर यापुढे कधी बोट ठेवणार नाही. ते मी फक्त ऐकेन, पूर्ण, कुकरसकट. हे वचन मोडलं तर येऊन सालं काढ.

तुझा, अजूनही उलट बोलणारा,
नेल्सन

ता. क. सही करतोय तेवढ्यात गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, कुणीतरी भेटायला आलंय. खाली गेलो तर आग्नेल अंकल. तिकडे लांबच्या दुखानहून थेट, ड्युटीच्याच कपड्यांत, काखेत गीतांची फाईल. आता माझ्या खाटेवर बसलेत, फाईल उघडलीय, चष्मा लावलाय आणि विचारतायत, ‘तिसरं कडवं कुठल्या पट्टीत घेणार आहेस? बाकीच्यांना कळवायला हवं.’