हुंगू द्यायला हवे होते

दि. ९ मार्च, सोमवार
सकाळचे अकरा

चि. सौ. धाकटीस,
वडिलांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. तू आणि जावई सुखरूप असावीत, ही ईश्वरचरणी प्रार्थना. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, जिभेला मात्र काही झालेले नाही. तुझी मागची दोन्ही पत्रे तिच्याच नावाने आली. तिने ती मला वाचून दाखवली नाहीत, मीही मागितली नाहीत.

पत्रास कारण आपली शेळी. शुक्रवारी दुपारी ती अडली. पिल्लाचा पुढचा एक पाय मागे मुडपला होता. मागच्या गल्लीतल्या शेळीवाल्या मावशींनी कोपरापर्यंत हात धुऊन तो सरळ केला, परंतु तोवर तासभर लोटला होता. पिल्लू मेलेलेच निघाले. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, वार पूर्ण पडल्याची खात्री केली आणि म्हणाले, "खाल्लं-प्यायलं तर जगेल. नाहीतर अवघड आहे."

पिल्लू मी तत्काळ उचलले. तिने मान वळवली होती, पण तिची दृष्टी पडण्याआधीच ते गोणपाटात गुंडाळून बाहेर नेले. जे राहायचे नाही त्याचे दर्शन कशाला? दर्शनातूनच आसक्ती उपजते, असा माझा विचार.

आज चौथा दिवस. दर दोन तासांनी आम्ही तिची कूस बदलतो. पोटाखालून चादर घालून उभी करू पाहतो, तर ती पाय पसरते आणि बसते. गूळपाणी गालफडात सोडले तर बाहेर ओघळते. दृष्टी सारखी दाराकडे, आणि ओरडणे असे की पोथीतली ओळ हरवते. काल मी पोथी घेऊन गोठ्यातच बसलो. तुझी आई म्हणाली, "तिला अर्थ सांगू नका हो, पाणी पाजा."

पुन्हा ओरडली. जाऊन येतो.

दुपारचे चार

सकाळी उठलो तो आता बसतो आहे. मध्यंतरी मावशी आल्या होत्या. त्यांनी शेळीचे कान चाचपले, कास पाहिली आणि मला विचारले, "काका, पिल्लू हुंगलं होतं का हिनं?"

"नाही. मी आधीच नेलं."

"का हो?"

"तिला त्रास होऊ नये म्हणून."

"घ्या! पिल्लू गेलं हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, अख्ख्या गल्लीला ठाऊक. हिला एकटीलाच ठाऊक नाही. मग शोधणारच की ती! हुंगू दिलं असतं तर दोन दिवस रडली असती आणि लागली असती खायला."

तुझ्या आईने हातातले भांडे खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

गोणपाट जाळून टाका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. माझ्या हातून ते राहून गेले होते. मावशींनी ते शेळीपुढे अंथरले. तिने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगले, एक जागा बराच वेळ चाटली, घशातल्या घशात काही बोलली आणि त्यावरच हनुवटी टेकली. घटकाभराने अर्धे भांडे पाणी प्यायली. अजून उभी राहिलेली नाही. जगेल की नाही, ते उद्या कळेल.

मी चार वेळा उठलो, चार वेळा बसलो. आता लिहितो.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यात, जावई अजून वाटेत असताना, नर्सबाईंनी मला विचारले होते, "आईला दाखवायचं ना?" मी नको म्हणालो. तू शेजारच्याच खोलीत होतीस, शुद्धीवर होतीस. मी आत आलो तेव्हा तू एवढेच विचारलेस, "कशी होती, बाबा?" त्यावर मी देहाच्या नश्वरतेविषयी पाऊण तास बोललो. तू भिंतीकडे तोंड वळवलेस. तुला शांती लाभली, असे मी समजलो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे, धाकटे.

तिचे केस दाट होते, ओले, कपाळाला चिकटलेले. नाक तुझे. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, तुझ्या आईची आहे तशीच. कानाची पाळी इतकी पातळ की खिडकीचा उजेड तिच्यातून दिसत होता. मुठी मिटलेल्या होत्या. मी एक उघडून पाहिली. आत काही नव्हते, तरी ती पुन्हा मिटून ठेवली. वजन दोन किलो सातशे. निळ्या किनारीच्या टॉवेलात होती. कुठे वेदना झाल्याचे चेहऱ्यावर काही नव्हते. हे तुला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही, मी पाहिले म्हणून लिहितो.

दफनभूमीत पाण्याच्या टाकीमागे, भिंतीपासून तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवी. दर महिन्याला मी जातो. तुझ्या आईला फिरायला जातो म्हणून सांगतो.

तुला न दाखवण्याचा अधिकार मला नव्हता. मी चुकलो. जन्मभर ग्रंथ वाचले, परंतु येथे पुढे ठेवण्याजोगे एकही वचन सापडत नाही, आणि मी ते शोधणारही नाही. क्षमा मागण्यासाठी हे पत्र नाही. आणखी काही विचारायचे असेल तर विचार. जेवढे पाहिले तेवढेच सांगेन.

यायचे झाले तर कळव. जागा दाखवीन आणि फाटकाशी उभा राहीन.

तुझा बाप,
आणि तिचा आजोबा