पांढरी का थांबली

बाबा, काल लाखनीहून परतताना बसच्या खिडकीतून ते मैदान मुद्दाम पाहिलं. आता तिथं राईस मिल आहे, आवारात धानाची पोती आणि ओळीनं ट्रक. शेजारी बसलेल्या बाईला मी म्हटलं, इथं घोड्यांच्या शर्यतींचा पट भरायचा. ती हसली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तीनच हिवाळे भरला, तिला तरी कसा ठाऊक असणार! मला मात्र त्यातला शेवटचा दिवस जसाच्या तसा आठवतो. त्या दिवसाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत एक गोष्ट चुकीची समजत होतात, आणि ती तशी समजू दिली मी. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. आता सांगते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरचे ते दिवस. अर्धा जिल्हा हातचा गेला, तेव्हा त्यांच्याकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं, असं त्या जमिनीच्या मालकानं मनावर घेतलं. बैलांचे शंकरपट गावोगाव होतेच, म्हणून याचा पट घोड्यांचा. पण आखणाऱ्यांनी जन्मभर बैलांचेच पट आखलेले. पट म्हणजे सरळ रेघ, हे डोक्यात इतकं पक्कं की घोड्याला थांबायला जागा लागते हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. रेघ रस्त्याकडून निघाली आणि तलावाच्या पाळीपाशी, मातीच्या बांधापाशी संपली. पहिल्याच वर्षी नागपूरकडचा एक घोडा जिंकला आणि तसाच पाळीवर चढून बेशरमाच्या झुडपांतून थेट पाण्यात गेला. स्वार गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून नंबर कितवा आला ते विचारत होता. दुसऱ्या वर्षी मग शेवटाला तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे मोठे ढीग रचले.

आपली पांढरी मुळात वरातीची घोडी. तिला तुम्ही आणि बँडवाल्या काकांनी मिळून घडवलं, आपल्या अंगणात. काका बाकावर बसून क्लॅरिनेटवर वरातीची धून धरायचे, तुम्ही बांबूच्या काडीनं तिच्या गुडघ्याला हलकंच शिवायचात, तिनं पाय उचलला की गुळाचा खडा. महिन्याभरात अशी तयार झाली की धून कानावर पडली रे पडली, असेल तिथं थांबायची आणि जागच्या जागी नाचायची. मी शाळेत असताना एकदा गंमत म्हणून तोंडानं ती धून काढली आणि ताट बडवलं. पांढरी चाऱ्यातून तोंड काढून नाचायला लागली. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशी माझा कान धरलात. "तिले खोटं वाजवून फसवू नाई, बाई. ते इमानानं थांबते." मग मलाच तिला गूळ द्यायला लावलात. तिच्या ओठांची ती ओली मऊ चिमटी अजून तळहाताला लागते.

पांढरीच्याही आधीपासून, बावीस लग्नसराया तुम्ही आणि काका एकत्र चाललात. पुढे त्यांचा बँड, मागे लगाम धरून तुम्ही. आपल्या समाजाच्या लग्नातही आणि इतरांच्याही, आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तर पांढरीशिवाय पान हलायचं नाही. पण बाजारात लोक तुम्हाला नाचनाऱ्या घोडीवाला म्हणायचे. तुम्ही हसून सोडून द्यायचात आणि घरी आल्यावर जेवायचा नाहीत. तिसऱ्या वर्षी पटात नाव दिलंत ते त्यासाठीच, हे मला तेव्हाही कळत होतं. आयुष्यात एकदा तरी तुम्हाला लगाम धरून पायी चालायचं नव्हतं, वर बसून धावायचं होतं. काकांनी समजावून पाहिलं. "गड्या, ते माह्या बँडवर चालनारी घोडी आहे. पटात कायले नेतं?" तुम्ही खरारा करता करता म्हणालात, "निस्ती नाचतेच का ते? रानात सोडली का कशी उडते, तू पायलं नाई." महिनाभर रोज सकाळी तुम्ही तिला पाळीखालच्या वाटेनं पळवलंत. पन्नाशी उलटलेला माणूस, कंबर धरून घरी यायचात आणि चेहरा असा फुललेला की आई रागवायचं सोडून तेल गरम करायला ठेवायची.

पटाच्या दिवशी मी शेवटाच्या रेघेपाशी उभी आहे, तुमची पाण्याची बाटली घेऊन. काकांचा बँड माझ्या बाजूलाच, पाहुण्यांच्या स्वागताला बोलावलेला. पाहुण्यांचा मांडव बरोबर रेघेच्या पुढे घातलाय, तणसाचे ढीग बाजूला सारून. का, तर समोरून चांगलं दिसतं म्हणून! मांडवात बाया आणि लेकरं दाटीनं बसलेली. शेवटची शर्यत सुटते, दोनच घोड्यांची. दुसरा घोडा निम्म्या वाटेत पट सोडून आडवा शेतात शिरतो आणि पांढरी एकटीच उरते, खरोखर उडत असलेली. माणसं ओरडतायत, मीही ओरडतेय. मग मला दिसतं की तुमचा उजवा पाय रिकिबीतून सुटलाय, तुम्ही एका अंगाला कलंडलात आणि दोन्ही हातांनी आयाळ धरलीय. लगाम खाली लोंबतोय. पुढे मांडव आहे. मी काकांचा हात धरते. "काका, वाजवा! वरातीचं वाजवा!" "आता? काहून वं?" "वाजवा म्हणते ना!" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं.

पांढरी रेघेच्या दहा पावलं अलीकडे थांबली. धापा टाकत, तोंडाला फेस, आणि तशीच जागच्या जागी नाचू लागली. तुम्ही तिच्या मानेवरून घसरत खाली आलात. सगळं मैदान हसत होतं. मांडवातल्या एकाही लेकराला धक्का लागला नाही, पण ते कुणाला दिसणार? दुसरा घोडा वळवून आणला, तो रमतगमत रेघ ओलांडून गेला आणि पहिला ठरला. तुम्ही मातीनं भरलेले उठलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ज्यानं हे वाजवाले लावलं, त्याचं तोंड मी जन्मात पायनार नाई." मी पाण्याची बाटली घेऊन मागे सरकले. काकांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच वाजवलं. जोश आला मले."

तुम्ही शब्दाचे पक्के. पुढची चार वर्षं, अगदी जाईपर्यंत, त्यांच्या बँडमागे गेला नाहीत, रस्त्यात दिसले तर मान वळवायचात. पटाचा तो शेवटचाच हिवाळा ठरला, पांढरीही दोन वर्षांत गेली. मी कितीदा सांगायला आले, आणि प्रत्येक वेळी वाटलं, मग माझंच तोंड पाहणार नाहीत. वाजवायला लावलं याचा मला तेव्हाही पस्तावा नव्हता आणि आजही नाही. तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा वाजवायला लावीन, कान धरलात तरी. पण काकांना तुमच्यापासून तोडलं ते मी, आणि ते भित्रेपणानं तोडलं. तुमच्या मातीला ते आले, फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत.

काल लाखनीला त्यांच्याकडेच गेले होते. आता त्यांना दिसत नाही, दात गेल्यामुळे क्लॅरिनेटही वाजत नाही. चहा पिता पिता त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "सांगतलं होतं काय वं त्याले, कोणं वाजवाले लावलं ते?" मी म्हटलं, हो काका, शेवटच्या आजारात सांगितलं. "मंग? का म्हने?" "हसले," मी म्हटलं. "म्हणाले, त्याले घेऊन ये." काकांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.

हे पत्र पांढरीच्या घुंगरांच्या डब्यात ठेवते, टाकणार तरी कुठं! खोटं वाजवू नाही म्हणाला होतात, आणि काल काकांपुढे मी पुन्हा खोटंच वाजवलं. माणूस लगेच थांबला, बाबा. आता तुम्ही तेवढे हसा.