चपलांच्या कपाटामागच्या रेघा

१२ मार्च

चि. बारक्या,

अनेक उत्तम आशीर्वाद. काल शिवणाचं दुकान लवकर बंद करून तुझा सिनेमा पाहून आले. सुरुवातीलाच पाटी, ‘माझी गोष्ट’. तुझी? लाज नाही वाटली?

सावत्र पोर मी होते, तू नव्हेस. तुझ्या आईनं पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशी गादी टाकली ती माझी. तू खिडकीच्या खोलीत पंख्याखाली घोरत होतास. सिनेमातला तुझा तो बिचारा मुलगा शिवण उसवून लांब केलेली पँट घालून फिरतो. अरे, तसले फ्रॉक मी घातले! तुझे शर्ट नवेकोरे असायचे, आणि त्यांची काजं-बटणं मीच करायचे. शेजारच्या खुर्चीतली बाई डोळे पुसत होती. तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं की हा चोरीचा माल आहे. आणि अख्ख्या सिनेमात बहीणच नाही! घरात मला जागा नव्हतीच, आता गोष्टीतूनही हाकललंस.

आणि सिनेमात दाखवलेल्या त्या कपाटामागच्या रेघा? ज्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही, त्या दिवशी मी सुईनं भिंतीवर एक रेघ ओढायचे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला कुणी सांगितलं? ती पाटी काढ, नाहीतर बहीण मेली असं समज.

लोभ नेहमीइतका आहे असं समजू नये.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. आता माझं एकदा वाच.

रेघांचं कुणी सांगितलं नाही. उभं राहून त्या दिसतच नाहीत. तिथं आडवं व्हावं लागतं, भिंतीकडे तोंड करून. तू नोकरी धरून निघून गेलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. जाताना मला उठवलंस? त्याच दिवशी मी गादी ओढत पॅसेजमध्ये आलो. बाबांनी दोन ठेवून दिल्या, तरी हटलो नाही. बहिणीवर गेला म्हणत आई माझ्याशीही बोलेनाशी झाली. सहा वर्षं तिथंच झोपलो. पँट लांब करायला घरात कुणी नव्हतं, ती मीच केली.

तुझ्या रेघांखाली माझ्या आहेत. दर रविवारी एक, त्या आठवड्यात तुझं पत्र आलं नाही म्हणून. सिनेमात बहीण का नाही विचारतेस? होतीस कुठे तू?

पाटी काढणार नाही. तुझा लोभ असेल तर असावा.

बारक्या

२५ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. काल पुन्हा जाऊन बसले. पँटचे टाके वाकडे आहेत. पहिल्यांदा रागात ते ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं शिवणकाम करून एवढं दिसू नये, म्हणून स्वतःवरच चिडले आहे.

उठवलं असतं तर तू रडला असतास, आणि मग माझा पाय निघाला नसता. पत्र लिहिलं नाही, ती चूक मात्र माझीच. पण सहा वर्षं तिथं झोपलास आणि मोठा झाल्यावरही मला एका ओळीनं कळवलं नाहीस, याचा राग मी सोडणार नाही.

पाटीला हात लावू नकोस. ती गोष्ट तुझीच आहे. माझी मी अजून सांगितलेलीच नाही. रविवारी ये, आणि मधे एक शब्दही न बोलता ऐक.

लोभ आहेच, रागही राहील.

ताई