आईच्या डांबरगोळ्या

खाडीकाठ, ओडिशा

आई, तुले अन् बाबाले जय भीम.

इथं नेटवर्क लागत नाही, म्हणून चिठ्ठी. मी बरी आहो. बाहेर सगळा चिखल आहे, पण माही खोली कोरडी आहे. बाबाचा गुडघा कसा आहे? आपल्या कोहका गावच्या घराचा जिना चढून राहिले का?

तू माह्या कपड्यांत किती डांबरगोळ्या टाकल्या वं! म्हणे किडे लागतीन. अन् पोरगी तं इथं अभ्यासासाठी किडेच गोळा कराले आली. पण फेकल्या नाही. वाळवलेल्या किड्यांलेही कीड लागते, म्हणून त्याच गोळ्या मी त्यांच्या डब्यांत टाकून राहिली.

खाडीपल्याड जंगल उभं आहे. तिथं एका सकाळीच अर्धे डबे भरले. खाडीच्या ह्या बाजूले झिंग्याच्या तलावांसाठी झाडं तोडली. तिथं आठवडाभर जाळी फिरवली, एक चतुर किडाही दिसला नाही. मच्छर तेवढे आहेत, पण मच्छरदाणी आहे, तू काळजी करू नको.

अन् आणखी गोळ्या पाठवू नको. तुह्या पुष्कळ उरल्या, आई. किडेच कमी पडले.

तुही,
करिष्मा