पालखीला आमचा खांदा

१५ मार्च, विशाखापट्टणम
आजपासून डायरी. गावच्या जत्रेला जायचंच. पालखी आमच्या दारात थांबते आणि घरच्या माणसानं खांदा दिल्याशिवाय हलत नाही. बाबा पावसाळ्यात गेले. आता मान माझा. गेल्या वर्षी १२ एप्रिलला होती. शाळेत नापास झालो, पण तारखा पक्क्या.

१९ मार्च
रजा मागितली. बहिणीचं लग्न सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, ते दिवाळीत झालं ना? म्हटलं, धाकटीचं. मला बहीणच नाही. १० पासून मिळाली!

२४ मार्च
खांद्याची प्रॅक्टिस. तांदळाचं पोतं घेऊन कामावरच्या कंटेनर यार्डात दोन चकरा.

२६ मार्च
उजवा खांदा सुजला. प्रॅक्टिस बंद. डाव्यानं देऊ.

२८ मार्च
येतोय हे आयला सांगायचं नाही. पालखी दारात, ती रडवेली, आणि मी रिक्षातून उतरतो. पांढरा शर्ट घेतला.

३१ मार्च
आयचे फोन. उचलला तर तोंडातून निघेल. उचलला नाही.

२ एप्रिल, संध्याकाळ
आयचे नऊ मिसकॉल, चुलतभाऊ विपुलचे सहा. फोनच बंद केला. जेवण जात नाही. सारखे ताशे ऐकू येतात. कंटेनरवर चंद्र आला, पूर्ण गोल. जत्रेला असाच असतो. इकडं लवकर येत असेल.

१० एप्रिल
जनरल डबा. संडासाजवळ उभा. खांदा ठणकतोय. शर्ट पिशवीत, इस्त्री मोडली नाही.

१२ एप्रिल, सकाळ
रेवदंड्याहून रिक्षा. म्हटलं, जत्रेला सोड. रिक्षावाला म्हणाला, कुठली जत्रा? नवीन असेल.

१२ एप्रिल, दुपार
देवळापासून जेटीपर्यंत रस्ता रिकामा. खाज्याचं एक दुकान नाही. आकाशपाळण्याच्या खड्ड्यात कोंबडी बसलीय.
आय बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, जत्रा पुनवेला असते रं, देवीला कसली तारीख? फोन करून बोटं झिजली माझी.
२ तारखेलाच पालखी आली, दारात दोन तास थांबली म्हणे. विपुल पुढं झाला, तर आय म्हणाली, सरक, या घराला मी हाय. पदर खोचून तिनंच खांदा दिला. पंच म्हणाले, यापुढं मान जयमालाबायचा, म्हणजे आयचा.
मी सुजलेला खांदा दाखवला. तिनं तेल लावलं. मग तिनं तिचा दाखवला. मी लावलं.
शर्ट बघून म्हणाली, छान हाय, कोणाच्या लग्नाला?

१२ एप्रिल, संध्याकाळ
पुनव-बिनव माझ्या ध्यानात राहत नाही. पुढल्या वर्षीची रजा आत्ताच मागून ठेवतो. २ एप्रिल. लिहून ठेवलं.