डावा पाय ओढत

३ मार्च
स्टुडिओतून आजही फोन नाही. आता कॉम्प्युटरला सांगितलं की झालं — बाई, उंच टाचा, लाकडी जिना — पावलं तयार! आम्ही दोघं नवराबायको पडद्याकडे बघत वाळूत, फरशीवर, पत्र्यावर चालून नटनट्यांची पावलं वाजवायचो. घामाघूम व्हायचो. आता मला विचारतंय कोण.

४ मार्च
दिवसभर कुणाशी बोलले नाही. दूधवाल्यानेही पिशवी दाराला अडकवली आणि गेला.

९ मार्च
लेकीने मोबाइलवर एक सिरीज लावून दिली होती. तिसऱ्या भागात एक म्हातारा जिना चढतो — आणि मी ताडकन उठून बसले. ती चाल ह्यांची! डावा पाय जरासा ओढत, वरच्या पायरीवर किंचित थांबत. पडद्यावरचा म्हातारा कोण कुठला, पावलं माझ्या नवऱ्याची.

दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. टेक सुरू झाला की तोंड उघडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि घरातलं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं कुणाला सुचतंय?

तो जिना पुन्हा पुन्हा लावला. भाजी करपली.

१० मार्च
बटणला फोन केला. बटण म्हणजे आमचा साउंडवाला, हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. म्हटलं, ती पावलं मला हवीत, अख्खी.

"वहिनी, स्टुडिओच्या जुन्या आवाजांच्या संग्रहातली असणार. शोधतो. टेपवर असती तर त्यावर केव्हाच दुसरं काहीतरी भरलं असतं. आता काही पुसत नाही आपण."

१२ मार्च
बटणचा फोन. चाचरत बोलला. "वहिनी, तारीख बघितली. तेव्हा दादांच्या पायाला प्लास्टर होतं. त्यांचे बूट घालून तुम्हीच चालला होतात."

मी भांडले. नवऱ्याची चाल मला कळत नाही होय? फोन ठेवून दिला.

मग आठवलं. बूट मोठे होत होते. पुढे कापूस कोंबला होता.

म्हणजे तीन दिवस मी स्वतःच्याच पावलांवर रडत होते! एवढं एकटं कुणी असू नये.

१३ मार्च
बटणने मूळ फाईल पाठवली, आपणहून. सुरुवातीचा तुकडा सिनेमात कापून टाकतात. त्यात स्टूल सरकल्याचा आवाज, आणि मग हे बोलतात —

"अगं, माझ्यासारखी चाल. डावा पाय ओढ. घाई करू नकोस, मी इथेच बसलोय."

मग मी चालायला लागते.