पेनिसिलिनवाल्याचा पाय

पुणे, ४ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. कुसुमताईस,
दौलतचा शि. सा. न. वि. वि.

ट्रकने सायकलीसकट उडवलेला तुझा भाऊ अजून इस्पितळातल्या खाटेलाच खिळलेला आहे. पायाला वजन टांगल्यामुळे कूस बदलायचीही सोय नाही. हाड बसलं म्हणतात, पण जखम वाहतेच आहे. पिंपरीच्या कारखान्यात मी रोज पेनिसिलिनच्या बाटल्या भरतो आणि माझीच जखम त्याला दाद देत नाही! वॉर्डातले मला पेनिसिलिनवाला म्हणून चिडवतात.

शेजारच्या खाटेवरचे भिमाजी तुझी वाट पाहताहेत. त्यांना भेटायला कोणी येत नाही. गेल्या खेपेस तू त्यांच्या मांडीवरचं गळू पुसून पट्टी बांधलीस, त्याचं कौतुक अजून चाललंय.

बाळंतीण शालनला मामाचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा,
दौलत

भोसरी, ९ फेब्रुवारी

चि. दौलत यास कुसुमताईचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

कारखाना तुमचा, मग दुप्पट सुया मागायला तोंड शिवलंय का? साधी शिंक आली तरी कंपाउंडरकडून सुई टोचून घेणारे तुम्ही पिंपरीकर, आता कसली लाज?

शालनची लेक गुटगुटीत आहे. नाक मात्र तुझ्यावर गेलंय, बिचारीचं नशीब. गुरुवारी येते. भिमाजींसाठी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून ठेवल्यात. तुझी पट्टी नर्सबाई सैल बांधतात, तीही मागच्यासारखी मीच आवळीन.

ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

पुणे, १४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू येऊन गेलीस आणि आज डॉक्टरांनी पू तपासल्याचं सांगितलं. त्यातला जंतू पेनिसिलिनने मरतच नाही. ऊठसूट सुया घेतल्या की कच्चे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात, म्हणाले. मग खाटेला खाट लागलेल्या वॉर्डात ते हातांवरून, पट्ट्यांवरून एकाच्या जखमेतून दुसऱ्याच्या जखमेत जातात. मुक्काम जितका लांबेल तितका धोका मोठा.

मग मला घरी सोडा म्हटलं, तर टांगलेला पाय घेऊन कुठे जाल, असं त्यांनीच विचारलं. गेलो तर हाड सरकेल, राहिलो तर जखम चिघळेल. कोंडून घातल्यासारखं वाटतंय, ताई. भिमाजींच्या गळवातही तोच जंतू निघालाय.

सध्या तू येऊ नकोस, उगाच दगदग. राग धरू नकोस, माया असू दे.

दौलत

भोसरी, १८ फेब्रुवारी

चि. दौलत यास आशीर्वाद. वि. वि.

दगदग म्हणे! आईमागे तुला मी वाढवलं, मला काय फसवतोस? दोन्ही वेळा आधी भिमाजींचं गळू पुसलं आणि त्याच हातांनी तुझी पट्टी आवळली. मध्ये हात पदराला पुसले, एवढंच. माझ्याच हातांनी आलं ना ते तुझ्याकडे?

तुझं पत्र आल्यापासून मी नातीला हात लावलेला नाही. ती रडते, शालन विचारते की आई, तू अशी का वागतेस, आणि मी दाराशी नुसती उभी. न्हाऊ घालायला शेजारच्या सोजराबाई येतात. स्वतःच्या घरात परकी झालेय मी.

गोड बोलू नकोस, खरं काय ते लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.

ताई

पुणे, २१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. मी डॉक्टरांना विचारलं. तुझ्या हातून आलं असेल, नर्सबाईंच्या किंवा त्यांच्या स्वतःच्याही हातून आलं असेल, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले. मला त्याचा राग नाही. तू दाराशी उभी राहतेस, हे मात्र सोसवत नाही. साबणाने कोपरापर्यंत हात धू, हातावर फोडबिड नाही ना ते पाहा आणि नातीला खुशाल घे. डॉक्टरांनीच सांगितलंय.

जखम हाडापर्यंत चिघळलीय, म्हणून मंगळवारी माझा पाय गुडघ्याखाली काढणार आहेत. फार भीती वाटतेय. येऊ नकोस म्हणालो होतो, पण त्याआधी तू ये, तुझा हात हवाय मला.

वॉर्डाच्या दारात नळ आहे. तिथे हात धू आणि सरळ माझ्याकडे ये. भिमाजींची खाट आधी लागते. त्यांना खूप ताप आहे, ते तुला हाक मारतील. थांबू नकोस, ताई.

तुझा,
दौलत